जबाबदार व्यक्ती : ठमाबाई

ठमाबाईला पाणी कळायचं. त्यात दैवी असं काही नव्हतं; उभं आयुष्य मिठागरात गेलं की कुणालाही कळेल. खाडीचं पाणी बोटाने जिभेला लावायचं आणि मीठ किती दिवसांत पिकेल ते सांगायचं, हे तिचं शिक्षण. मिठागर बंद पडलं तेव्हा ग्रामपंचायतीने तिला गावाला पाणी सोडायच्या कामावर घेतलं. व्हॉल्व्ह फिरवायची कमरेएवढी लोखंडी चावी तेव्हापासून तिच्या दाराआड उभी असे.

गावची बोअर खाडीला लागून. अवस-पुनवेच्या उधाणात तिच्यात खारं पाणी शिरतं, हे नागावपासून पुढच्या सगळ्या किनाऱ्याला माहीत. म्हणून ठमाबाई आधीच टाकी भरून ठेवी, उधाणाचे तीन दिवस पंप बंद ठेवी आणि चाखल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावत नसे. नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण वीस वर्षांत गावात कुणाच्या तोंडात खारा घोट गेला नाही.

मग गावचा पाणीपुरवठा चालवायला ‘सागरधारा जलसेवा’ नावाची कंपनी आली. निळ्या पाटीवर हसणारा थेंब. तो कुणाला हसत होता ते गावाला पुढे कळलं. ऑफिस अलिबागला, थंडगार. मोठे साहेब मुंबईला, ते रो-रो बोटीने अधूनमधून पाहणीला म्हणून यायचे आणि पापलेट खाऊन जायचे. त्यांच्याकडून वेळापत्रक आलं. रोज सकाळी सहा ते सात पाणी, तीनशे पासष्ट दिवस. समुद्राला कुणी विचारलंच नव्हतं.

“साहेब, परवा अवस हाय. पंप लावायचा न्हाय,” ठमाबाईने व्यवस्थापक परेश साहेबांना सांगितलं.

“मावशी, आता तिथी-बिथी सोडा. वेळापत्रक सिस्टीममध्ये गेलंय. एक दिवस जरी बंद ठेवलंत तर कामावरून काढावं लागेल.”

खाडीकाठी उभं राहून असं बोलायला चांगली मोठी पदवी लागते.

ठमाबाईने अवसेला पंप लावला. पाणी चाखलं, थुंकलं आणि तरीही व्हॉल्व्ह फिरवला. जन्मात एकदाच तिने जिभेचं सोडून साहेबाचं ऐकलं. त्या दिवशी गावभर डाळी शिजेनात, चहा फाटला. शेजारच्या हेमांगीच्या तान्ह्या पोरीला जुलाब सुरू झाले आणि तिला अलिबागला सलाईनवर ठेवावं लागलं. पोर वाचली. पण ठमाबाईला चार दिवस घास गिळवला नाही.

बायकांनी ऑफिस गाठलं, तेव्हा कंपनीने पाण्याचा तपासणी अहवाल दाखवला. पाणी उत्तम! नमुना अष्टमीला घेतलेला, भरतीला जोर नसताना. बायका हटेनात म्हणून चौकशी बसली. साहेबांनी सिस्टीमकडे बोट दाखवलं, सिस्टीमवाल्याने ठेकेदाराकडे, ठेकेदाराने सल्लागाराकडे आणि सल्लागार रजेवर. एवढी हुशार माणसं, पण एकालाही आपण काय काम करतो ते सांगता येईना. महिन्याने अहवाल आला, चांगला जाडजूड. परेश साहेबांनी तो ग्रामसभेत वाचला. शेवटच्या पानावर एक रकाना होता. जबाबदार व्यक्ती : ठमाबाई, व्हॉल्व्ह ऑपरेटर.

हेमांगीने मान खाली घातली, आणि ते ठमाबाईला अहवालापेक्षा जास्त लागलं.

“तेव्हा मावशी,” साहेब म्हणाले, “तुम्हाला कमी केलंय. चावी जमा करा.”

ठमाबाई उठली. घरी गेली, चावी खांद्यावर टाकून परत आली आणि टेबलावर आडवी ठेवली. साहेबांचा चहाचा कप कलंडला.

“मी पानी सोडलं, व्हय. चाखून, खारं हाय ते कळून सोडलं. माजं पाप मी नाकारत न्हाय,” ती म्हणाली. “पन पुढच्या अवसेला कोन चाखनार? या कागदावर माज्या नावाच्या जागी त्याचं नाव लिवा, आनि मग चावी उचला.”

हेमांगी पुढे आली. तिने अहवाल साहेबांसमोर सरकवला, शेवटचं पान उघडलं आणि वर पेन ठेवलं. “लिहा साहेब. कुणाचंही चालेल.”

साहेबांनी शेजारी बसलेल्या सिस्टीमवाल्याकडे पाहिलं. सिस्टीमवाल्याने ठेकेदाराकडे. ठेकेदाराला तेवढ्यात फोन आला. पंख्याखाली ते पान फडफडत राहिलं आणि पेनाला कुणी हात लावला नाही. साहेब म्हणाले, वर विचारून कळवतो.

त्याला आता वर्ष होईल. वरून अजून काही कळलेलं नाही. कंपनीच्या कागदांत गावाला तीनशे पासष्ट दिवस पाणी मिळतं आणि थेंब पाटीवर हसतो आहे. अवस-पुनवेला पंप बंद असतो. चावी पुन्हा ठमाबाईच्या दाराआड आहे, आणि हेमांगी पोरीला पाणी पाजण्याआधी पहिली वाटी तिच्याकडे चाखायला आणते.