मावशी रस्ता ओलांडून गेल्या

समोरच्या मेडिकलमध्ये हेरगिरी करायला गेलो, तेव्हा अंगातला पांढरा ॲप्रन काढायला विसरलो. खिशावर लाल धाग्यात माझ्याच दुकानाचं नाव. मास्क मात्र आठवणीने लावला होता. आवाज जरा बदलून खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. काउंटरमागच्या मुलीने आधी खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी आदराने विचारलं, "अंकल, तुमच्याकडे संपल्या काय?"

तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण तिने गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर मावशी बसल्या होत्या, म्हणून पाय हलेना.

मावशी इथल्याच, भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातल्या. मासळी बाजारात बसतात. मी पश्चिमेला दुकान टाकलं तेव्हापासूनचं माझं गिऱ्हाईक. त्यांची थायरॉइडची गोळी दर महिन्याला माझ्याकडून जायची. ही मुलगी वर्षभरापूर्वी समोर आली आणि हळूहळू माझी गर्दी तिकडे सरकली. बाकीचे गेले तेव्हा मी पार्किंगला दोष दिला, डिस्काउंटला दिला. पण मावशींकडे गाडी नाही, आणि बाजारात दिवसभर घासाघीस करणाऱ्या या बाईने औषधाच्या पैशांवरून माझ्याशी कधी हुज्जत घातली नव्हती. म्हणजे औषधाच्या दरापायी नव्हे, माझ्यामुळेच त्या गेल्या होत्या. ते फार झोंबलं.

आधी वाटलं, सगळी जादू स्टुलाची. म्हणून मीही एक आणलं. पहिल्याच दिवशी त्यावर ग्लुकोजच्या डब्यांचं खोकं बसलं, ते अजून उठलेलं नाही. मग वाटलं, गोड बोलत असेल. तर तिचं मराठी गुजराती वळणाचं, मध्येमध्ये हिंदी. माझं शुद्ध, शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेलं. तरी मावशी तिच्याशी जशा बोलत होत्या, तशा माझ्याशी इतक्या वर्षांत बोलल्या नव्हत्या.

मी टूथपेस्टची खोकी उलटसुलट वाचत उभा राहिलो. मुलगी मावशींची फाईल बघत होती. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला होता, तरी थकवा जात नव्हता, रिपोर्टमधला आकडा खाली येत नव्हता. हे मलाही ठाऊक होतं. दोन्ही वेळी वाढीव पॉवरची गोळी मीच तर दिली होती.

तिने विचारलं, उठता कधी? मावशी म्हणाल्या, साडेतीनला. मग चहा-चपाती खाऊन बंदरावर, माल घ्यायला. आणि गोळी?

"सातला, बाजारात. चायवाला येतो ना, तवा."

"चहासोबत?"

"मग काय कोरडी गिलू? ह्यानीच सांगलंय सातला." मावशींनी सरळ माझ्याकडे बोट केलं. मास्कचाही काही उपयोग झाला नव्हता तर.

"मी सातला, पण उपाशीपोटी म्हणालो होतो, मावशी." आणि खरंच म्हणालो होतो. दर महिन्याला, मागच्या चार गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"उपाशीच तं असतंय. चाय म्हंजे काय जेवान हाय?"

मुलगी हसली नाही, माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने सांगितलं, चहा-चपातीवर ही गोळी अंगी लागत नाही; ती उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. मग आंघोळ, आवराआवर, आणि अर्धा-पाऊण तास गेला की चहा. डॉक्टरांना हे सगळं आजच कळवा, दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासा, आणि डोस काय ठेवायचा ते तेच सांगतील.

यात मला ठाऊक नसलेलं काहीच नव्हतं. ही मुलगी रांगत असेल तेव्हा मी ते शिकलो होतो. फक्त मावशी उठतात कधी, हे मला माहीत नव्हतं. माझं शटर उघडतं तेव्हाच त्यांचाही दिवस उजाडतो, असा माझा आपला समज.

दीड महिन्याने मावशी माझ्या दुकानाची पायरी चढल्या. मी घाईघाईने हातातला पेपर ठेवला, केसांवरून हात फिरवला. त्यांनी कागद पुढे केला. "वाचून दाव."

रिपोर्ट चांगला होता. डॉक्टरांनी डोस कमीही केला होता. मी मोठ्याने वाचून दाखवलं, मग आणखी एकदा. मावशींच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती, हे मला दिसत होतं. आनंद झाला. खोटं कशाला बोलू, तो थोडा आणि जळफळाट जास्त. शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, मग गोळ्या इथूनच देऊ का?

"न्हाय रं. तुजा राग न्हाय," मावशी कागदाची घडी घालत म्हणाल्या. "तू सांगतोस. ती इचारते."

आणि रस्ता ओलांडून गेल्या.

दुपारी घरी जेवायला बसलो तेव्हा बायकोला सगळं सांगितलं, अर्थात माझ्या बाजूने. नवीन दुकान आहे, वेळच वेळ आहे, म्हणून विचारतेय. माझ्यासारखी गर्दी होऊ दे, मग बघू कशी विचारते ते. आणि विचारण्यात विद्या ती काय? आमटी वाढत बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या बीपीच्या गोळ्या परवा संपतायत," ती म्हणाली. "तुम्ही काही विचारणार असाल, तर तुमच्याकडून घेते."