पैलवान बसला की खुर्ची पास

सगळे त्याला पैलवान म्हणत. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता. शरीराकडे पाहून कुणीतरी हाक मारली आणि ती चिकटली, इतकंच. थोरल्या भावाबरोबर तो खुर्च्या बनवायचा. मागे लांबट खोलीत काम, पुढे दुकान. दादा हडकुळा, उंच, बोलका. लाकूड कापणं, सांधे बसवणं त्याच्याकडे. घासणं आणि पॉलिश पैलवानाकडे. आणि सगळ्यांत शेवटचं काम तर फक्त पैलवानाचंच होतं. ते म्हणजे बसणं.

तयार खुर्ची दाराशी आणून ठेवली की तो आधी सावकाश बसायचा. मग उठून पुन्हा धप्पकन बसायचा. मागे रेलायचा, एका बाजूला झुकायचा, मग दुसऱ्या. डोळे मिटलेले असायचे. कुठे बारीकसं ‘कर्र’ झालं की म्हणायचा, “बोलली.” बोललेली खुर्ची परत दादाकडे. न बोललेली पास. गिऱ्हाइकाने फार चिकित्सा केली की दादा नुसतं आत बोट दाखवायचा. “त्याला झेललंय हिने. तुमचं काय घेऊन बसलात?”

पण शरीर दुकानाच्या उपयोगाचं असलं तरी पैलवानाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. गुडघे जिना चढू देईनात. साखर वाढली. झोपेत श्वास मध्येच थांबायचा, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत शेजारी बायको स्वतःचा श्वास धरून पडून राहायची. शेवटी तिनेच त्याला डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. ऑपरेशन करून पोटाची पिशवी लहान करायची, असं ठरलं. डॉक्टरांनी सगळं समजावलं आणि विचारलं, “काही शंका?”

“कामाला कधी लागता येईल?”

“चालायला तर दुसऱ्याच दिवशी लावू तुम्हाला.”

“चालायचं नाही हो,” पैलवान म्हणाला, “बसायचं.”

ऑपरेशन नीट झालं. अवघड होतं ते घरी आल्यावरचं. आधी नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, तेही घोट घोट. मग मिक्सरमधून काढलेलं, बाळाला भरवतात तसलं. मग मऊ, चमच्याचमच्याने. जेवताना पाणी प्यायचं नाही, पाणी पिताना जेवायचं नाही, आणि प्रत्येक घास तोंडात त्याचा पार लगदा होईपर्यंत चावायचा. आयुष्यभर दोन घासांत जेवण उरकणारा माणूस आता वाटीभर खाण्यापुढे अर्धा तास बसू लागला. एकदा दूरदर्शनवरच्या बातम्यांच्या नादात जुन्या सवयीने भराभर खाल्लं, तर छातीत दगड अडकल्यासारखं झालं आणि सगळं उलटून पडलं. तो न्हाणीघरात भिंतीला टेकून उभा राहिला. बायको पाठीवरून हात फिरवत राहिली.

भूक म्हणावी तर नव्हती. पण शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की त्याचे डोळे दाराकडे जायचे. “पोट भरतं गं,” तो म्हणायचा, “बाकी कुठेच भरत नाही.”

तिचीही तीच गत होती. हात जुन्या मापाने चालायचे. मोठं पातेलं चुलीवर चढायचं, अन्न उरायचं, आणि ती ते गुपचूप शेजारी देऊन यायची. शेवटी एक दिवस तिने मोठं पातेलं माळ्यावर टाकलं. दोन दिवस तिला करमलं नाही.

वजन मात्र झपाट्याने उतरू लागलं. अंगठी बोटातून निसटायला लागली, कंगव्यात केस येऊ लागले, पंख्याखाली थंडी वाजू लागली. गळ्याखालची कातडी मोकळ्या पिशवीसारखी लोंबायची. ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून दबक्या आवाजात विचारायचे, “काही मोठं दुखणं वगैरे नाही ना?” मेहुणा भेटायला आला तो म्हणाला, “दाजी, आता तुम्हाला शोधावं लागतं हो. पूर्वी आपण खोलीत आलो की तुम्ही सापडलेलेच असायचात.” सगळे हसले. पैलवानही हसला. पण रात्री आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो दुकानात गेला. जड उचलायचं नाही, या अटीवर. मागच्या खोलीत तयार खुर्च्या भिंतीला लावून उभ्या होत्या. दादाने एकही बाहेर जाऊ दिली नव्हती.

“गिऱ्हाइकं खवळली नाहीत?”

“खवळली. म्हटलं, आमचा बसणारा आजारी आहे.”

पैलवानाने पहिली खुर्ची ओढली. खाली बसताना हात आपोआप पोटाशी गेला. जखम केव्हाच बुजली होती, पण भीती बुजली नव्हती. पाहुण्याच्या घरी बसावं तसा तो अलगद टेकला. खुर्ची गप्प. दुसरी गप्प. तिसरीही.

“दादा, माझ्या माघारी तुझा हात सुधारला की रे.”

“म्हणजे आजवर बिघडलेला होता?” दादा गुरगुरला. पण दिवसभर तो रंधा मारता मारता शीळ घालत होता.

असेच महिने गेले. खुर्च्या पास होत राहिल्या, पैलवान हलका होत राहिला. एकाची दुसऱ्याशी सांगड घालावी, हे दोघा भावांच्या डोक्यातच आलं नाही.

मग एका सकाळी दारात टेम्पो थांबला आणि त्यातून ग्रंथालयातल्या बाई उतरल्या. चांगल्या भरदार अंगाच्या, आवाज मात्र अगदी लहान. नुकतीच इथून नेलेली त्यांची खुर्ची टेम्पोवाल्याने आत आणली. मागचा एक पाय वेगळा, सुतळीने बांधलेला.

“एवढी दुरुस्त करून द्या,” बाई म्हणाल्या. “चूक माझीच आहे. माझं वजन तुम्ही पाहताच आहात. घरी पाहुणे होते, मी मागे रेलले आणि...” त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. “नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही आपलं दिवाणावरच बसत जा.”

दादाने स्टूल पुढे केलं. “बसा तरी.”

“नको, उभीच बरी.”

दादा दुकानदाराच्या सवयीने म्हणाला, “होतं असं, बाई. शेवटी लाकूडच ते. जरा बेताने...”

“दादा, थांब,” पैलवान म्हणाला.

‘उभाच बरा’ हे वाक्य त्याने किती ठिकाणी म्हटलं होतं. बँकेत, दवाखान्यात, पुतणीच्या शाळेत. हात असलेल्या अरुंद खुर्च्या पाहायच्या आणि पाय दुखत नसल्यासारखा चेहरा करायचा. त्याने खुर्ची उलटी केली, सुतळी सोडली, सांध्यात बोट घातलं. एका अंगाला सरस लागलाच नव्हता. लाकूड कोरडं होतं. असला सांधा त्याच्या कानातून कधी सुटला नसता.

“बाई, तुमची यात काही चूक नाही,” तो म्हणाला. “सांधा कच्चा राहिला होता. आणि ही खुर्ची मी बसून पास केली आहे.”

बाईंनी त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही?”

“पूर्वी मी तुमच्या दीडपट होतो. आता हलका झालोय, हे बसताना माझ्या लक्षातच राहिलं नाही.” त्याने सुतळीची गुंडाळी केली. “नणंदबाईंना सांगा, दुकानवाल्याने चूक कबूल केली. चार दिवसांनी या.”

त्या गेल्या. दादा ओठ चावत उभा होता. सांधा त्याचा होता.

दुपारी बायको डबा घेऊन आली तेव्हा पैलवान भिंतीशी उभा होता आणि डब्याकडे बघत नव्हता. तिने झालेलं सगळं ऐकून घेतलं.

“आता मी इथे कशाचा?” तो म्हणाला. “पॉलिश कुणीही करील. दुकानाला बसणारा माणूस हवा होता, तो तुम्ही सगळ्यांनी मिळून कापून टाकला.”

हे तिला लागलं असणार. पण तिने शांतपणे डब्याचं झाकण काढलं. “पोट कापलंय तुमचं. कान जागेवर आहेत ना? खुर्ची बोलते ते ऐकायचं कुणी? वजन काय, वाळूचं पोतं ठेवा.”

“पोतं रेलत नाही, वहिनी,” दादा म्हणाला. धाकट्या भावाची बायको असूनही तो तिला वहिनीच म्हणायचा. लग्नाच्या दिवशी चुकून म्हटलं आणि मग तसंच राहिलं. त्याने क्षणभर विचार केला, एक खुर्ची मध्यभागी ओढली, तीवर बसला आणि स्वतःच्या मांड्यांवर थाप मारली. “ये.”

“कुठे?”

“मांडीवर. लहानपणी बसायचास ना? मग तू असा सुटलास की आईने मला बंदी केली, पाय मोडतील म्हणून. ये आता.”

“भाऊजी, त्यांच्या पोटाला जपून हां.”

“त्याच्या पोटाला काय व्हायचंय? माझ्या मांडीचं बोला.”

पैलवान लाजत टेकला. “नीट बस. धप्पकन,” दादा ओरडला. तो धप्पकन बसला. दादाच्या तोंडून “मेलो” निघालं. दोघं मागे रेलले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. पॉलिशच्या वासात, भुशात दोन प्रौढ माणसं एकमेकांना धरून डुलत होती, आणि बायको हसता हसता शेवटी स्टुलावर बसली.

“गप्प,” पैलवान म्हणाला. डोळे मिटलेले. “दादा, तू कण्हू नकोस, ऐकू येत नाही.” मग पुन्हा उजवीकडे झुकला. “बोलली. मागचा पाय, उजवा.”

त्या दिवशी दोघांनी भिंतीशी असलेली प्रत्येक खुर्ची तपासली. काही परत गेल्या. विकलेल्या खुर्च्यांच्या मालकांना निरोप धाडायचं ठरलं. ते दादाने स्वतःकडे घेतलं. मगच पैलवान डब्याशी बसला आणि पहिला घास सावकाश चावू लागला.

चार दिवसांनी बाई आल्या. खुर्ची दाराशी ठेवली होती.

“बसून बघा.”

“नको, उभीच...”

“आम्ही दोघं मिळून बसलोय हिच्यावर,” दादा म्हणाला. “दाखवू का?”

“नको, नको.” बाई पहिल्यांदा मोकळं हसल्या. मग पर्स पोटाशी धरून काठावर टेकल्या. पैलवानाला ते टेकणं ओळखीचं होतं.

“असं नाही,” तो म्हणाला. “मागे रेला.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हळूहळू मागे सरकल्या, पाठ टेकवली, पर्स मांडीवर सोडून दिली. खुर्ची गप्प होती. पैलवान डोळे मिटून ऐकत होता.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. “आले, आले,” बाई म्हणाल्या, आणि तशाच बसून राहिल्या.