न पोचवलेला निरोप

विद्यापीठाच्या मध्यस्थी प्रशिक्षण केंद्रात मी शिकवतो. कोर्टाने पाठवलेले दावे आमच्याकडे समोरासमोर बसून मिटवायचे असतात. पक्षकार ओळखीचा निघाला तर मध्यस्थाने तसं सांगून उठायचं, हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात शिकवतो. एका सकाळी राहुरी तालुक्यातल्या बापलेकांचा वाटणीचा दावा माझ्यापुढे आला. बापाने दाराशी चप्पल काढली, टोपी सारखी केली, आणि मी त्याला ओळखलं. मी उठलो नाही.

माझी थोरली बहीण त्याच्या भावकीत दिली होती. सासूचा जाच सोसवेना म्हणून ती काष्टीला, आमच्याकडे निघून आली, तेव्हा याने त्यांच्या गावात मारुतीच्या पारावर बैठक बसवली. त्याचा शब्द तिथे शेवटचा असायचा. आक्काला कुणी काही विचारलंच नाही. "पोरीनं सासूच्या पाया पडावं, इषय संपला," एवढाच त्याचा निवाडा. ठरलेलं कागदावर उतरलं आणि तो मला म्हणाला, "कालेजात हायस ना तू? मग वाच मोठ्यानं." मी वाचलं. कुठे अडखळलोही नाही. आक्का वाकली. सासूने पाय मागे घेतले, ती पुन्हा वाकली. माणसं हसली. पुढे वर्षभरात ती परत आली ती कायमची, आणि तेव्हापासून शिवणकामावर जगते आहे.

मध्यस्थीच्या विषयात का आलात, असं विद्यार्थी विचारतात. मी समाजाची गरज वगैरे बोलतो. खरं म्हणजे त्या माणसाला चूक ठरवणारं काहीतरी मला शिकायचं होतं.

आता तो मला "सर, सर" म्हणत होता. त्याने मला ओळखलं नव्हतं. मी त्याला पाणी विचारलं नाही.

भांडण वरवर जमिनीचं होतं. खरं कारण मुलानेच पहिल्या बैठकीत सांगितलं. आई वारल्यावर तिचं गळ्यातलं सोन्याचं डोरलं सापडेना. बापाने भावकीसमोर सुनेला चोर म्हटलं. मुलगा बायकोला घेऊन त्याच रानात, उसापलीकडे, पत्र्याची खोली टाकून राहिला आणि मग त्याने वाटणी मागितली.  सून जाताना एवढंच म्हणाली, "सर, मला रान नको. माझ्यावरचं हे नाव काढा."

मग नियमाप्रमाणे मी एकट्या बापाशी बोललो. प्रशिक्षणार्थींना बाहेर बसवलं. म्हातारा बराच वेळ टोपीशी खेळत राहिला.

"सर, डोरलं सापडलंय."

"कुठे?"

"धान्याची कोठी हालवली, तिच्या मागं हुतं. लई दिवस झालं. सांगायचं धाडस न्हाई झालं मला." त्याचे डोळे भरले. "सूनबाईला सांगा, म्हातारा चुकला. चार मान्सांत म्हना तर चार मान्सांत म्हनतो. पर आदी तुमी सांगा. माझ्या तोंडातून निघंना."

निरोप जसा दिला तसा पोचवणं, हेच माझं काम. शेजारच्या खोलीत ती दोघं वाट बघत होती. मी गेलो, दार ओढून घेतलं आणि म्हणालो, "तुमचे वडील ऐकायला तयार नाहीत."

मुलगा उठला. सून पदर सावरत त्याच्यामागे गेली. म्हातारा व्हरांड्यात त्यांच्याकडे बघत उभा राहिला. ती दोघं त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरली. "न्हाई म्हनली का?" त्याने मला विचारलं. मी 'हो' म्हणून मान हलवली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

कोर्टाला मी 'तडजोड झाली नाही' एवढंच कळवलं. आत काय बोलणं झालं ते कळवायचं नसतंच. आमचा नियम माझ्या कामी आला. मध्यस्थी का फसते यावर संशोधन करणारी एक विद्यार्थिनी नंतर माझ्याकडे आली, तिला मी सांगितलं, "पक्षकारांचा हट्ट." तिने ते लिहून घेतलं.

भाऊबीजेला मी आक्काला हे सगळं सांगितलं. ती मशीन थांबवून ऐकत होती.

"रडला?"

"रडला."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिने दोरा तोडला, सुई कापडात खोचली. मग म्हणाली, "आन त्या सुनेचं काय झालं?"

"काय व्हायचंय?"

"म्हंजे ती अजून चोरच हाय. आरं, तिची माफी तू खाल्लीस की."

ती रागावली नव्हती, पण मला तिथे पुढे बसवेना. दुसऱ्या दिवशी मी राहुरीकडच्या देवळालीच्या पुढे त्यांच्या रानात गेलो. सून अंगणात ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, मुद्दाम केलं हेही सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं, नवऱ्याला आणि शेजारच्या वस्तीवरच्यांना हाक मारली आणि उसाच्या कडेने सासऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेलो.

"मामा, डोरलं घिऊन बाहेर या."

म्हातारा आला. त्याने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "सर, तुमी तवा सांगितलं न्हाई?"

"नाही."

"का वो?"

मी मारुतीच्या पारावरची ती बैठक सांगितली, सासूने मागे घेतलेले पाय सांगितले, मला वाचायला लावलं ते सांगितलं. इतकी वर्षं घोटलेली वाक्यं होती. तो डोळे बारीक करून ऐकत राहिला.

"कोन पोरगी म्हनता?"

तो सोंग करत नव्हता. त्याने अशा कितीतरी बैठका बसवल्या असतील. त्याची मान धरावीशी वाटली.

"सर, तुमचं मागनं," सून मध्येच म्हणाली. "आदी माझं. मामा, बोला."

तो पुटपुटला. "मोठ्यानं," ती म्हणाली. तो पुन्हा बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि डोरलं तिच्या हातात दिलं. त्याचं तोंड उतरलेलं बघून मला बरं वाटलं. ते मी लपवत नाही.

मग तो माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "काष्टीला चला. तिच्या पाया पडा."

"येतो की. पर मला आटवत न्हाई, तर मी तिला म्हनू काय?"

त्याला तिथेच सोडून मी गाडी सुरू केली.

केंद्राच्या प्रमुखांना मी काय केलं ते सांगितलं आणि दाव्यांवर बसणं बंद केलं. शिकवतो अजून. आक्काला फोनवर डोरल्याचं सांगितलं, 'मोठ्यानं' म्हणणाऱ्या सुनेचं सांगितलं. आक्का खूप हसली. हसणं थांबल्यावर तिने विचारलं, "आन माझं? माझं काय म्हनला?"

"तुझं विचारायचं राहिलं," मी म्हणालो.