हात न लावता फिरणारं चाक

देवमन अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. एकोणसाठच्या हंगामात यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. त्यानंतर तो घरीच बसला. पदरी एक लहान लेकरू होतं; बायको मनकर्णा गोधड्या शिवून घर चालवू लागली. धाकटा भाऊ जानराव अमरावतीला राजापेठेत खोली घेऊन राहायचा, हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. नांदगाव खंडेश्वरकडच्या त्यांच्या वस्तीतला तो पहिला बी.एस्सी. त्याला शिकवलं देवमननेच.

छप्पन साली दोघे भाऊ नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव बाहेर काढताना जानराव म्हणाला होता, "दादा, आता कोनी सांगतलं म्हणून मानाचं नाई. पोथीत हाये म्हणून नाई, अन् मी म्हनतो म्हणूनही नाई. तपासून पाहाचं."

देवमनने ते मनावर घेतलं. बोटं गेल्यावर त्याने भंगारातून एक जड लोखंडी चाक आणलं, घराला लागूनच्या छपरीत दोन खांबांवर बसवलं, आसाला बेअरिंगचे छर्रे घातले. कडेला बिजागऱ्यांवर वजनं लावली. एका बाजूची वजनं बाहेर झुकतील, दुसऱ्या बाजूची आत पडतील आणि चाक आपलं आपण फिरत राहील, असा त्याचा हिशेब होता. जिनिंगचा इंजिनिअर हे ऐकून हसला. "असं होत नसतं, देवमन. नियम आहे."

रविवारी जानराव आला तेव्हा देवमनने त्यालाच विचारलं, "तुह्या पुस्तकातही असंच हाये का?"

"हो. काही घातल्याबिगर काही निघत नाई. अशी चाकं लय लोकांनी केली, एकही टिकलं नाई."

"पन पुस्तकात हाये म्हणून मानाचं नाई, तूच म्हनला होता."

जानराव म्हणाला, "बरोबर हाये. दादा, आकड्यांना शेवट नाई, हे मी पोरांले छातीठोक सांगतो. कोनताही शेवटचा म्हना, त्यात एक मिळवता येते. तिथं जाऊन पाहा लागत नाई. हा नियम तसा नाई. हा पाहून पाहून केला, अन् पाहनं काही संपत नाई. तुहं चाक फिरलं तं मी सगळ्यात आधी मान्य करीन. पन मले तपासू द्या लागन."

इंजिनिअर हसला होता, भाऊ हसला नाही. एवढ्यावर देवमनने दोन वर्षं काढली. चाक तासभर फिरायचं, मग थांबायचं. तो आस घासून काढायचा, मग ते थोडं जास्त फिरायचं. आसाचं घर्षण निम्मं केलं, त्याचंही निम्मं केलं. "निम्म्याचं निम्मं करत गेलं तं कधीतरी काहीच उरनार नाई," असं तो म्हणायचा. "उरनच," जानराव सांगायचा, "थोडं का होईना." तेव्हा देवमन त्याच्याबरोबर जेवायलाही बसायचा नाही.

बासष्टच्या पावसाळ्यात चाक थांबेनासं झालं.

देवमनने तार केली. जानराव आला तेव्हा दारात माणसं जमली होती, कोणी चाकाला हार घातला होता. देवमनने दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. अपघातानंतर जानरावने त्याला असं पाहिलं नव्हतं.

"मंधात हळू होते," देवमन सांगत होता, "वाटते आता थांबते. मी जरा आडवा होतो, उठून पाहातो तं पुन्हा जोरात. वजनं आपली आपन जागा धरतात!"

जानरावने चाकाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "दादा, एक दिवस छपरीले कुलूप लावू. आत कोनी जाचं नाई, तुमीही नाई. तरीही फिरत राहिलं तं मी स्वतः त्या इंजिनिअरले घेऊन येतो."

"आजच लाव," देवमन म्हणाला.

कुलूप आणायला जानराव बाजाराकडे निघाला. कोपऱ्यावर मनकर्णाने त्याला गाठलं. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला होता.

"भाऊजी, कुलूप नका लावू. मीच धक्का देऊन राहिली. ते झोपले की देतो, नळावर गेले की देतो. लेकराच्या निमित्तानं राती उठतो. काय करू? थांबलं की दोन दोन दिवस बोलत नाईत, भिंतीकडे तोंड करून पडतात."

"दादाले सांगतलं काहून नाई?"

"तुमी सांगान?"

जानराव सांगू शकला नाही. सांगावं तर वहिनी चोर ठरते, गप्प बसावं तर आपणही त्या धक्क्यात सामील. कुलूप लावलं की जे आहे ते चाकच सांगेल, त्यात कोणाचा दोष नाही, असं त्याला वाटलं. त्याने कुलूप आणलं, लावलं, किल्ली देवमनच्या हातात दिली. मनकर्णाने त्या दिवशी सुई हातात धरली नाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. चाक उभं होतं. हाराची फुलं खाली पडली होती.

देवमनने डाव्या हाताने चाकाला स्पर्श केला. मग तो वळला, पण जानरावकडे नाही, मनकर्णाकडे पाहत राहिला. तो झोपला की घरात जागी तीच असायची.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली.

तो ओरडला नाही, तिच्या अंगावर गेला नाही. पण त्या दिवसापासून घरातलं काहीच त्याला खरं वाटेना. भाकर पुढे आली की विचारायचा, "हे काय हाये?" जवार म्हटलं तर म्हणायचा, "तू म्हनतं म्हणून?" शेजारी आले तर दार लावून घ्यायचा. हिवाळ्यात ताप चढला. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या त्याने उशाशी तशाच ठेवल्या.

जानराव रजा काढून आला, हातापाया पडला. "दादा, गोळी घ्या. तपासलेली हाये, हजारो लोक बरे झाले."

"चाकही फिरत होतं," देवमन म्हणाला. "शंभर लोकांनं पाहिलं."

"शंका घ्याची म्हंजे असं नाई, दादा. पाहाले तयार राहा लागते."

"पाहूनच राहिलो होतो मी." त्याने कूस बदलली. तीन दिवसांनी तो गेला.

भिक्खू येऊन गेले, सूत्रपठण झालं, पाहुणे परतले. मनकर्णा गोधडीचे तुकडे पुढ्यात घेऊन बसली होती. जानराव समोर बसला.

"भाऊजी, मी तुमाले सांगतलं होतं. तुमाले माहीत होतं थांबनार म्हणून. तरी कुलूप काहून लावलं?"

दादाला खरं कळावं म्हणून, असं तो म्हणू शकला असता. तेही खोटं नव्हतं. पण तो म्हणाला, "मले वाटलं, एखाद्या वेळी फिरन."

मनकर्णाने मान वर केली. "सगळं मालूम असून?"

"तुमी धक्का देत होत्या, एवढंच मालूम होतं. तुमच्या धक्क्याबिगर काय होते, ते कोनी पाहिलंच नव्हतं."

ती कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग होता की कीव, ते त्याला कधीच कळलं नाही.

"झालं ना आता पाहून," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली.

त्यानंतरही जानराव रविवारी अकोल्याला येत राहिला. मनकर्णा त्याच्यासमोर पाण्याचा गडवा ठेवायची आणि आत जायची. पासष्टच्या उन्हाळ्यात ती लेकराला घेऊन माहेरी निघून गेली, ती परत आली नाही.