तळाची ओळ

आमच्या घरात पत्रकाची तळाची ओळ आधी वाचली जायची: कोणी काढलं, कुठे छापलं. बाबा शहापूरच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटायचे. म्हणायचे, "खाली नाव नाय, तो कागद हातात धरायचा नाय."

मुरबाडच्या एका क्लासवाल्या सरांनी स्वतःचा सोशल सर्व्हर चालू केला, तेव्हा मी लगेच खातं उघडलं. मालक कंपनी नाही. असे कितीतरी छोटे सर्व्हर, ज्याचे त्याचे नियम, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. तिथे मी लिहिलं, की तानसाचं पाणी मुंबईला जातं, आमच्या बौद्धवाडीला टँकर लागतो, आणि तो आधी कुठल्या आळीत थांबतो. दुपारी मजकूर गायब, संध्याकाळी खातंही.

फोन केला. "सर, कोणी काढलं?"

"मॉडरेटरने गो. वातावरण बिघडतं."

"कुठल्या? नियम कोणता?"

"तू लय प्रश्न विचारतेस." फोन बंद.

डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. मी स्वतःचा सर्व्हर उभा केला. पहिला नियम: काही काढलं तर कारण लिहायचं, खाली काढणाऱ्याचं नाव.

वर्षभराने सरांच्या सर्व्हरवरचा एक जण आमच्या सर्व्हरवरच्या मुलींना जातीवरून शिव्या घालू लागला. सरांकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर एकच: "पोरं आहेत, सोड." मी त्यांच्या अख्ख्या सर्व्हरशी आमचा जोड तोडला. त्या शिव्या, ती उत्तरं आणि माझं नाव, सगळं जाहीर लावलं. बटण दाबताना आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

वैशाखरे गावच्या एक बाई सरांच्या सर्व्हरवर नाचणीच्या बियाण्याबद्दल लिहायच्या. नोटिशीवर माझं नाव होतं, म्हणून फोन मलाच आला. "अगो, मी काय केलं? माझ्या तोंडावर दार लावलंस?"

"तुमी काय नाय केलं. इकडे नवं खातं उघडा."

"आणि माझे वाचक?"

"ते मागे राहतील, बाई."

मनसोक्त झापलं त्यांनी मला. मग आल्या, सगळं पहिल्यापासून सुरू करायला. त्यांचं ते नुकसान मी केलं, आणि तरी निर्णय मागे घेतला नाही.

नोटीस वाचून इतर सर्व्हरांनीही सरांना तोडलं. त्यांच्याकडे बोलायला कोणी उरेना. मग आमच्याकडे त्यांचा अर्ज आला. 'इथे का यायचं आहे?' या रकान्यात लिहिलं होतं: "आपण सगळे एकच. जुनं विसरू."

अर्ज गुपचूप पुसावा, बसू देत सर विचारत "कोणी काढलं?", असं फार वाटलं. पण ती त्यांची रीत. मी लिहिलं: "नामंजूर. कारण: जातिवाचक शिव्यांच्या तीन तक्रारी, तिन्हींना उत्तर 'पोरं आहेत'." खाली पूर्ण नाव.

बाबांना दाखवलं. त्यांनी आधी तळाची ओळ वाचली.

"हां," म्हणाले, "आता पाठव."