कॅमेऱ्यासमोर मोजलेली नाडी

कल्याणच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. थिअरीचे तास ऑनलाइन असतात आणि प्रॅक्टिकलला मुली आठवड्यातून दोनदा कॉलेजात येतात. नाडी मोजायला शिकवताना एकदा मी सगळ्यांना घरातल्या कुणाचा तरी हात धरायला सांगितलं. कोपरीच्या एका मुलीने आईचा हात धरला. आई मासे विकून नुकतीच घरी आलेली.

"मॅडम, नाडी मध्येच चुकतेय," मुलगी म्हणाली.

"तुझं मोजणं चुकत असेल. अंगठा नको, बोटं ठेव."

तिने बोटंच ठेवली होती. पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजून तिने तेच सांगितलं. स्क्रीनवरून मला काही तपासता येणार नव्हतं, म्हणून आईला डॉक्टरांकडे ने, एवढं सांगून मी पुढे शिकवत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने आईचा ईसीजी काढून घेतला. ठोके खरंच अनियमित होते. लगेच गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या तासाला मी सगळ्यांसमोर सांगितलं, की तिचं मोजणं बरोबर होतं, घाई मीच केली. तिने माईक सुरू केला.

"मॅडम, आई विचारतेय, आता रोज मोजायची का?"

"रोज मोज," मी म्हणाले, "आणि लिहून ठेव."