धुतलेलं इंजिन

अन्याय माझ्या ताईवर झाला. खंडेनवमीच्या सकाळी, ती आंघोळीला गेली तेवढ्या वेळात, महाडच्या आमच्या घरच्या ओट्यावर. करणारे आमचे वडील. पेशाने शिक्षक, स्वभावाने प्रेमळ. प्रेमळ माणसांविरुद्ध पत्रक काढता येत नाही, ही माझी जुनी अडचण आहे.

महाडजवळच्या वीर स्टेशनावरून गाड्या धावू लागून तेव्हा काही वर्षं झाली होती. मुंबईच्या मामाने ताईला परदेशी डिझेल इंजिनाचं वीतभर मॉडेल दिलं होतं. ते अमेरिकन होतं. ताईने ते आपल्याकडच्या इंजिनासारखं केलं. पुढचा दिवा काढून वर बसवला, दोन्ही टोकांना धक्के झेलणारे बफर म्हणून टिचबटणं चिकटवली, मोटार वाइंडिंगच्या दुकानातल्या तारेचे कठडे वळवले. मग ती रविवारी एसटीने वीरला जाऊन फलाटावर बसायची आणि खरं इंजिन कुठे कसं मळतं ते बघायची. घरी येऊन दिव्याची काजळी छपरावर, खिळ्यांचा गंज चाकांजवळ, विटेची भुकटी पायऱ्यांवर. सगळं एका बारीक कुंचल्याने.

नाते गावाहून सणाला आलेली आत्या म्हणाली, "काय गो, एवढी घोडी झालीस नि आगगाडी खेळतेस?"

"खेळत नाय आत्या, गंजवतेय."

"लोकं गंज काढतात नि ही लावते! पोरीचं डोकं ठिकाणावर नाय."

वडील पोट धरून हसले. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

पुण्यात मॉडेलं बनवणारा एक कारखाना होता. त्यांनी ताईला दसऱ्यानंतर तयार इंजिन घेऊन बोलावलं होतं. काम आवडलं तर नोकरी. वडिलांनीही कबूल केलं होतं, "घेतलं तर जा, अडवणार नाही." फक्त वरून मॅट वॉर्निशचा हात द्यायचा राहिला होता. ते महाडात मिळेना. तोवर सगळी काजळी नुसती बसलेली होती, फुंकर मारली तरी उडेल अशी.

खंडेनवमीला आमच्याकडे स्कूटर, शिवणयंत्र, विळी, कोयता, सगळं धुऊन पूजतात. वडिलांनी इंजिनही घेतलं. साबणाचं पाणी, जुना दातांचा ब्रश. ताई केस पुसत बाहेर आली तेव्हा ते पाटावर होतं. लखलखीत. हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल, एक कठडा तुटलेला.

"किती मळलं होतं गं," वडील म्हणाले. "बघ आता."

"बाबा, ती घाण मी केली होती. मुद्दाम."

"वेडी आहेस. यंत्र स्वच्छ ठेवावं." आणि त्यांनी तिच्या हातात प्रसाद दिला. तिने तो खाल्ला.

उरलेल्या दिवसांत तिने कठडा जोडला, पण कित्येक महिन्यांची काजळी दोन दिवसांत बसत नाही. मी तिच्याबरोबर पुण्याला गेलो. मालकांनी इंजिन डोळ्यांजवळ धरलं, फिरवून बघितलं. "सफाई छान आहे. पण हे शोकेसमधलं वाटतं. आम्हाला धावलेलं इंजिन हवंय." मी तोंड उघडलं, तर ताईने टेबलाखाली माझा पाय दाबला. वडिलांचं नाव तिला तिथे घ्यायचं नव्हतं. तिने "बरं" म्हटलं, इंजिन कापसात गुंडाळलं आणि आम्ही परतीची एसटी धरली. सबंध वाटेत मी बोललो, पुष्कळ बोललो, काही उपयोग झाला नाही.

आता ती पोलादपूरला एका कचेरीत कारकून आहे. कुंचला तिने परत हातात घेतला नाही. वडील अजून पाहुण्यांना इंजिन काढून दाखवतात, "आमच्या मुलीने केलंय बरं का," आणि ती चहा ठेवायला आत जाते. त्या सकाळी आपण काय केलं हे त्यांना आजही माहीत नाही, कारण त्यांनी विचारलं नाही आणि नोकरी का मिळाली नाही ते तिने सांगितलं नाही.

तुमच्या घरातही कोणीतरी कोपऱ्यात मान घालून काहीतरी करत बसत असेल. कौतुक नंतर करा. आज घरी जा, तिच्यासमोर बसा, हे काय करतेस म्हणून विचारा, आणि तिचं सांगून संपेपर्यंत जागचे उठू नका.